बाबांच्या कमरेसाठी घेतलेली लांब गाडी

२०२२ मध्ये आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे कॉव्हेन्ट्रीला आले तेव्हा आमच्याकडे लीजवर घेतलेली छोटी उंच एसयूव्ही होती, मोठी चाकं, पातळ टायर, दिसायला एकदम छान. बाबांच्या मणक्यात गॅप आहे, कंबर कित्येक वर्षं धरलेली. हीथ्रोवरून निघालो तेव्हा पुढच्या सीटवर बसून मस्त गप्पा मारत होते, मग मोटरवे संपला, आमच्या भागातले स्पीडब्रेकर सुरू झाले आणि तिसऱ्या ब्रेकरला बोलायचे थांबले आणि दोन्ही हातांनी सीटची कड धरली. घरी आल्यावर म्हणाले, "काही नाही गं, बसून बसून अवघडलंय." त्यानंतरचे पाच महिने ते गाडीत बसायचं टाळतच राहिले. लेक डिस्ट्रिक्टचं बुकिंग कॅन्सल केलं, वेल्सला आम्ही तिघंच गेलो, आई त्यांच्यासोबत घरी थांबली. एवढ्या लांबून सहा महिन्यांसाठी आलेला माणूस खिडकीपाशी बसून शेजाऱ्याचं मांजर बघतोय हे मला फार लागलं.

तेव्हाच ठरवलं की लीज संपली की पुढची गाडी बाबांच्या कमरेला विचारून घ्यायची.

मी काही गाड्यांमधली जाणकार नाही, पण बाबा एसटीतले, दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून रिटायर झालेले, त्यामुळे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), बुश (सांध्यातली रबरं), शॉकॲब्सॉर्बर हे शब्द घरात जेवताना ऐकत मोठी झाले. फोनवर त्यांनीच मला समजावलं की दणका का बसतो. टायरची बाजूची भिंत जेवढी जाड तेवढा खड्डा तिथेच जिरतो, पातळ टायरमध्ये जिरायला जागाच नसते, तो सरळ वर येतो. आणि गाडी उंच केली की वळणावर ती कलते, ती कलू नये म्हणून स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. म्हणजे उंच गाडी आरामाची असते असं आपण धरून चालतो, बसायला-उतरायला ती सोपी असते हे खरं, पण चालताना आरामाची असेलच असं नाही. "खाली बसलेली, लांब, जाड टायरची गाडी बघ" असं ते म्हणाले आणि मी बघायला लागले तर तसल्या सगळ्या गाड्या इस्टेट निघाल्या.

इस्टेट म्हणजे आपल्याकडे जिला स्टेशन वॅगन म्हणतात ती. सेडानचंच छप्पर मागपर्यंत ओढून घेतलेलं, डिकी आतच. भारतात ही कधी चालली नाही याचं मला आता वाईट वाटतं. ९० च्या दशकात टेल्कोने आपल्या पुण्यात टाटा इस्टेट बनवली होती, बाबांना ती दापोडीच्या गेटसमोरून जुन्या मुंबई-पुणे हायवेवर जाताना आठवते, नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ मध्ये इंडिगो मरीना आली, ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, आणि सगळ्या थोड्याच वर्षांत गेल्या. लोकांना मागे वेगळा डबा असलेली गाडीच 'पूर्ण गाडी' वाटायची, ही सामान वाहायची वाटायची. इकडे युरोपात मात्र कुत्रा, सायकली, पोरांचं सामान, बागेची माती सगळं इस्टेटमध्येच जायचं, आता इथेही एसयूव्हीने तिला मागे ढकललंय, म्हणून सेकंडहँड चांगली मिळते.

व्होल्वो बघितली, पासाट बघितली, सगळ्या चांगल्या, पण बाबांनी एके दिवशी विचारलं, "ती फ्रेंच गोळ्यांवर चालणारी मिळते का तिकडे अजून?" मला कळेना हे काय. तर ती सिट्रोएन.

ही गोष्ट मला सांगायचीच आहे कारण मी स्वतः त्यात गुंतले. सिट्रोएनने फार पूर्वी २सीव्ही नावाची साधी गाडी शेतकऱ्यांसाठी बनवली तेव्हा कंपनीच्या प्रमुखाची, बुलांजेंची, अट होती की अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून गेलं तरी अंडं फुटता कामा नये. त्याच कंपनीत पॉल माजेस नावाचा माणूस होता, इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण न झालेला, त्याने स्प्रिंग काढूनच टाकली. तिच्या जागी प्रत्येक चाकाला एक लोखंडी गोळा, त्याच्या आत रबरासारखा पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन गॅस, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यातून वर आलं की तेल पडद्याला ढकलतं, गॅस दबतो आणि परत फुगतो, म्हणजे गॅस हीच स्प्रिंग. गाडी भरली आणि बसली की पंप आणखी तेल ढकलून तिला होती त्या उंचीवर आणतो. पाट्याचं तसं नाही, पाटा भरल्या गाडीसाठी कडक केला की रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी होतात, रिकाम्या एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. बाबांनी नोकरीभर नेमकं हेच दुखणं बघितलं होतं आणि कोणीतरी १९५५ मध्येच त्यावर उत्तर काढून ठेवलेलं, म्हणून त्यांना त्या गाडीचं एवढं अप्रूप.

१९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस नावाची गाडी आली ती चारही चाकांना हेच घेऊन. १९६२ मध्ये पॅरिसजवळ पेती क्लामार इथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा ते डीएसमध्येच होते, टायर फुटले तरी ड्रायव्हरने गाडी तशीच पळवून बाहेर काढली. रोल्स रॉइसनेसुद्धा सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनकडून या तंत्राचं लायसन्स घेतलं होतं. आणि हे सगळं ज्या शेवटच्या गाडीत आलं ती म्हणजे सी५, २००८ ते २०१७, फ्रान्समधल्या रेन शहरात बनलेली. तिच्यानंतर गोळे बंद. तिच्या इस्टेटला टूरर म्हणतात.

आता शोधायचं कसं ते सांगते, कारण यात मी दोन महिने घातले.

पहिली गोष्ट, सगळ्या सी५ ना गोळे नाहीत. कमी किमतीच्या मॉडेलना साधी लोखंडी स्प्रिंग आहे, इथे यूकेत एक्सक्लुझिव्ह लिहिलेली गाडी बघावी लागते. ओळखायची सोपी खूण म्हणजे गिअरच्या दांड्यामागे गाडी वर-खाली करायची बटणं. जाहिरातीतल्या फोटोत ती बटणं दिसली नाहीत तर मी पुढे जात होते.

दुसरी गोष्ट पासिंगचा इतिहास. इथे तीन वर्षांनंतर प्रत्येक गाडीचं दरवर्षी एमओटी करावं लागतं, बाबा त्याला पासिंगच म्हणतात, आणि सरकारी वेबसाइटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की आजवरची सगळी पासिंग फुकट दिसतात, कधी नापास झाली, कशासाठी, तेव्हा किती मैल झाले होते, पुढच्या वर्षी काय बिघडू शकतं याच्या सूचना, सगळं. ही सोय म्हणजे सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला देवासारखी आहे, आपल्याकडे हे असंच उघडं मिळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पहिली गाडी जवळच्याच एका डीलरकडे होती, चकाचक, ७४,००० मैल लिहिलेले. बाहेर उभं राहून मी नंबर टाकला तर २०१९ च्या पासिंगला ९७,००० आणि २०२१ ला ७१,०००. मी त्याला स्क्रीन दाखवली, तो म्हणाला टायपिंगची चूक असेल. मी घरी आले. रात्री झोप लागली नाही, कारण मी नंबर न टाकता पैसे दिले असते तर?

दुसरी गाडी लंडनच्या ब्रॉमलीमध्ये एका निवृत्त गृहस्थांकडे मिळाली आणि ती मिळायचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ म्हणजे प्रदूषणाचा पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे उपनगरांसकट सगळ्या विभागांत, लागू झाला, त्यात डिझेल गाडी युरो ६ या धुराच्या नियमात बसत नसेल तर रोजचे साडेबारा पौंड. ही गाडी ६२ प्लेटची, म्हणजे २०१२ च्या शेवटची, युरो ५. त्यांच्या दारातून गाडी बाहेर काढली की साडेबारा पौंड. भंगारात काढली तर लंडनच्या लोकांना २,००० पौंड मिळणार होते. ते मला म्हणाले की भंगाराचे पैसे मला मिळतीलच, पण ही गाडी मी नीट सांभाळली आहे, ती चिरडलेली मला बघवणार नाही, चालवणारं कोणी मिळालं तर बरं. आम्ही कॉव्हेन्ट्रीचे, आमच्याकडे असला पट्टा नाही. २,३०० ला ठरली.

त्यांनी एक जाड फाइल काढली, अकरा वर्षांची सगळी बिलं, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप २०२१ मध्ये बदललेला, मैल ८४,०००, म्हणजे साधारण १ लाख ३५ हजार किलोमीटर, प्रत्येक पासिंगशी जुळणारे. बाबा व्हिडिओ कॉलवर होते. ते सांगतील तसं मी केलं: इंजिन चालू करून गाडी पूर्ण वर, मग पूर्ण खाली, पुढची-मागची बाजू अडखळत नाही ना, वाकून खाली तेलाचा थेंब बघ, मग प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून दाब. हाताखाली कोपरा मऊ गेला तर गोळ्यात गॅस आहे, दगडासारखा लागला तर गॅस गेलाय. चारही कोपरे मऊ. चारही टायर एकाच कंपनीचे, हे बघूनही बाबा खूश झाले, म्हणाले जो माणूस चारही टायर एकसारखे घालतो तो तेलात काटकसर करत नाही.

गाडीचा रोड टॅक्स इथे मालकासोबत बदलून येत नाही, आधीच्याचा संपतो, आपला नवा भरल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून गाडीच्या नोंदणीच्या कागदातल्या हिरव्या स्लिपवरचा नंबर टाकून मी फोनवरच टॅक्स आणि इन्शुरन्स भरला, त्यांनी चहा दिला, आणि मी निघाले तेव्हा ते गेटपाशी बराच वेळ उभे होते.

पहिला प्रवास लंडनभोवतीच्या एम२५ मोटरवेवरून. सांगायला शब्द शोधावे लागतात. मोठे चढउतार, रस्त्याच्या लाटा, पुलाचे जोड, हे सगळं गाडी पायाखाली घेऊन टाकते, होडी कशी पाण्यावर उठते आणि बसते तसं. वेग वाढला की आपोआप थोडी खाली बसते. स्टेअरिंगचा मधला भाग फिरतच नाही, फक्त कडं फिरतं, बटणं जागच्या जागी, आठवड्याभरात सवय झाली. खरं सांगायचं तर छोटा, धारदार खड्डा असेल आणि वेग कमी असेल तर टक्क असा आवाज येतो, तिथे ही गाडी जादू करत नाही. पण स्पीडब्रेकरवर, नीट हळू घेतलं तर, कपातला चहा सांडत नाही, मी खरंच कप धरून बसवलं होतं नवऱ्याला.

मग जानेवारी आला. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात बर्फ होऊ नये म्हणून, आणि त्या मिठाने अकरा वर्षं खालच्या पायपा खाल्लेल्या. एका सकाळी मुलाला शाळेत सोडायला बाहेर आले तर गाडी मागून बसलेली, उंट बसतो तशी, आणि खाली नारिंगी तेलाचं डबकं. माझे हातपाय गळाले. जवळच्या एका गॅरेजने उचलून बघितलं आणि म्हणाले आम्ही यात हात घालत नाही, भंगारात द्या. मी गाडीत बसून बाबांना फोन लावला, तिकडे दुपार होती, ते झोपलेले. उठून चष्मा लावून म्हणाले, "रडू नकोस, मला डबकं दाखव. मागच्या चाकापाशी आहे का मधे? मधे आहे ना, मग गोळा गेला नाही, पाइप गेलाय. पाइप म्हणजे पाइप असतो पोरी, तो नवा बनवता येतो."

तसंच निघालं. ननीटनजवळ एक वयस्क मेकॅनिक शेडमध्ये फक्त जुन्या सिट्रोएनच करतो असं कळलं, गाडी टोइंगवर नेली, त्याने मागच्या दोन्ही पायपा नव्या वाकवून घातल्या, तेल भरलं, ३८० पौंड. आणि जाताना मला म्हणाला की नारिंगी तेल एलडीएस, जुन्या गाड्यांचं हिरवं एलएचएम, हे दोन कधी मिसळायचे नाहीत, दुसऱ्या कोणाला भरू देऊ नका. मी एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवलंय. तेव्हापासून हिवाळाभर दर आठवड्याला मी गाडीचा खालचा भाग पाण्याने धुते, अंगठे बधिर होतात पण धुते.

२०२४ च्या मे मध्ये आई-बाबा परत आले. हीथ्रोसुद्धा आता त्या पट्ट्यात येतं, त्यामुळे न्यायला गेलं की साडेबारा पौंड ऑनलाइन भरावे लागतात, तीन दिवसांची मुदत असते, मी एअरपोर्टच्या पार्किंगमध्येच भरून टाकले, विसरलं तर दंड मोठा आहे. बाबांनी गाडीकडे बघितलं, सामानाकडे बघितलंच नाही. म्हणाले डिकी उघड. डिकीच्या आत एक बटण आहे, ते दाबलं की मागची बाजू खाली येते, सामान उचलून ठेवायला सोपं जावं म्हणून. ते दाबून दाखवलं. मग चार मोठ्या बॅगा, आईची लोणच्याची बरणी, चकलीच्या भाजणीचा डबा, पडदा लावूनही सगळं मावलं, ५०५ लिटरची डिकी आहे. आणि इंजिन चालू केल्यावर भरलेली गाडी सावकाश उठून सरळ झाली, तेव्हा बाबा मागे उभं राहून बघत होते, एकदा, मग मला बंद करून परत चालू करायला लावलं. आई म्हणाली, "अहो, चला आता, लोक बघतायत."

आमच्या भागात आलो. पहिला स्पीडब्रेकर. दुसरा. बाबा दापोडीतल्या कुठल्याशा जुन्या सुपरवायझरची गोष्ट सांगत होते. तिसरा ब्रेकर गेला आणि गोष्ट चालूच होती. मी काही बोलले नाही, समोर बघत चालवत राहिले, डोळे भरून आले होते.

त्या उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्ट झालं. ॲम्बलसाइडवरून किर्कस्टोन पास चढलो, साडेचारशे मीटर उंचीचा घाट, दोन्ही बाजूंना दगडांच्या रचलेल्या भिंती, आणि बाबा म्हणाले हा वरंध्यासारखाच आहे, फक्त याला पावसात दरड येत नसेल. वरती थांबून थालीपीठ खाल्लं. चार तास बसून आलेला माणूस स्वतःहून उतरला आणि चालत कठड्यापर्यंत गेला. वेल्सही झालं. सप्टेंबरमध्ये गणपतीत आमच्या मंडळाचे दोन ढोल, मखर आणि वीस किलो तांदूळ या एकाच गाडीतून गेले, सीट खाली पाडल्या की माणूस आडवा झोपेल एवढी जागा होते.

खर्चाचं विचारणारे बरेच जण असतात म्हणून लिहिते. ॲव्हरेज मला ४० मैल प्रति गॅलन मिळतं, इथला गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे लिटरला १४ किलोमीटर. माझी दोन लिटर डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. दोन वर्षांत पायपा, पुढचे दोन गोळे, एक बॅटरी, खालच्या आर्मचे बुश, धुरातली काजळी अडवणाऱ्या डिझेल फिल्टरसाठी लागणारं वेगळं औषध, सर्व्हिसिंग, सगळं धरून १,४०० पौंड गेले. लीजच्या गाडीला आम्ही तेवढे पाच महिन्यांत द्यायचो. पण हे सगळ्यांसाठी नाही, हे पण तितक्याच स्पष्ट सांगते. लंडनमध्ये राहत असाल तर ही गाडी घेऊच नका, बर्मिंगहॅमच्या मध्यात रोज जायचं असेल तरी नको, तिथे रोजचे आठ पौंड आहेत, आम्ही तिकडे ट्रेननेच जातो. रोज दोन-दोन मैलच चालवणार असाल तर डिझेल फिल्टर चोंदतो, तेव्हाही नको. आणि डिझेलच्या धुराबद्दल माझ्याही मनात आहे, हे नियम ज्या कारणासाठी केलेत ते कारण मला पटतं, म्हणून शाळेत आता आम्ही चालत जातो आणि गाडी लांबच्या प्रवासाला काढतो. जवळ गोळे समजणारा मेकॅनिक आहे का हे गाडी बघायच्या आधी शोधा. माझ्या शेडवाल्याचं वय सत्तरच्या पुढे आहे, तो काम थांबवेल त्या दिवशी मी काय करीन याचं उत्तर माझ्याकडे नाही, मी त्याच्याकडून गोळा कसा काढायचा ते शिकून घेतेय, गेल्या वेळी पाना माझ्या हातात होता.

बदललेला एक जुना गोळा बाबांना पुण्याला न्यायचा होता, मित्रांना दाखवायला. दाबाखालची वस्तू विमानात चालणार नाही म्हणून ठेवून गेले. शेडवाल्याने आता त्यातला उरलेला गॅस सोडून मधून कापून दिलाय, आतला काळा पडदा दिसतो, मी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून बाबांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं ते फोटोबद्दल नव्हतं. पासिंग कधी आहे, मागच्या वेळी डावीकडच्या बुशबद्दल सूचना होती, ती आधी बघून घे, आणि कागद आला की मला पाठव.

१९ ऑगस्टला आहे. बुश उद्या बघायला नेतेय.